पहाटेच्या घुंगरांचं देणं

डिसेंबर लागला की फोनवर एक रील फिरायला लागतं. धुकं, डांबरी रस्ता, उसानं लादलेल्या बैलगाड्यांची रांग आणि घुंगरांचा आवाज. वर पांढऱ्या अक्षरांत ‘बालपण’ किंवा ‘गावाकडची थंडी’. दर वर्षी गाड्या वेगळ्या असतात, मजकूर तोच. बारामती ते इंदापूर या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे रील आवाज बंद ठेवून बघता येत नाही. मी तर चित्राकडे बघतही नाही, नुसतं ऐकते.

थंडीतलं तुमचं आवडतं संगीत कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. पण हल्ली हे उत्तर देताना जीभ जरा अडखळते. तो आवाज मला फुकट मिळाला होता आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी भरत होतं. दुसऱ्याच्या हालातून निघालेला आवाज आपल्याला गोड लागत असेल, तर त्या गोडीचं करायचं काय? ती टाकून द्यायची? लपवायची? की ‘आठवणच तर आहे’ म्हणून सोडून द्यायची?

आधी तो आवाज सांगते.

आमचं घर बारामती-इंदापूर रस्त्याला, भवानीनगर आणि सणसरच्या आसपास. आषाढात याच रस्त्यानं तुकोबांची पालखी जाते, तेव्हा टाळमृदंगानं रस्ता भरून जातो. पण ते पावसाळ्याचं संगीत झालं. थंडीचं वेगळं. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा असायचा. पहाटे चारच्या सुमाराला कर्ण्यातून आधी खरखर यायची, मग कुणाचा तरी खोकला, मग टाळ आणि पखवाज. आवाज लावणारे आजोबा वरच्या सुरात हमखास फाटायचे आणि तरी रोज तिथंच जायचे. काकडा संपता संपता कारखान्याचा बॉयलर पेटलेला असायचा. भोंगा ऐकू यायचा, अंगणात वाळत टाकलेल्या कपड्यांवर काजळी पडायची आणि वारं फिरलं की मळीचा तो आंबूस-गोड वास नाकात बसायचा. कधी एखाद्या सकाळी मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव यायचा.

आणि या सगळ्याच्या आधी, दोन-तीनच्या सुमाराला, गाड्या. अगदी लांबून यायला लागल्या की कुणी तरी खिशातली चिल्लर हलवतंय असं वाटायचं. मग आवाज जवळ येता येता सुटा व्हायचा. प्रत्येक बैलजोडीची घुंगुरमाळ वेगळी वाजायची. एखाद्या गाडीला मोठी पितळी घाटी असली की सगळ्या किणकिणाटात तिचा एक जाड ठोका पडायचा. मधूनच गाडीवानाची जिभेची टकटक. रबरी टायर असल्यामुळं चाकांचा आवाज जवळजवळ नसायचाच, म्हणून घुंगरं स्वच्छ ऐकू यायची. मी गोधडीत पडून गाड्या मोजायचे. सहाच्या पुढं मला कधी मोजता आल्याचं आठवत नाही, तोवर झोप लागलेली असायची.

ती माणसं कोण होती हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. बीडची, नगरची, जालन्याची, परभणीची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला येणारी आणि होळी-पाडव्याच्या आसपास जाणारी. पण ही माहिती आम्हाला ऋतूसारखी होती. थंडी आली की बोरं येतात, हुरडा येतो, तशी टोळी येते. ‘यंदा आपल्या फडाला बारा कोयते लागलेत’ असं घरात बोललं जायचं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हत्याराच्या नावानं माणसं मोजायची ही पद्धत मी इतकी लहानपणापासून ऐकली, की ती विचित्र आहे हे कळायला मला बारामतीतलं कॉलेज संपवावं लागलं.

कोयत्याचं गणित असं. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. ती उचल फेडायला जोडीनं हंगामभर ऊस तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नसेल तर उरलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते. राहायला कोपी. पाणी जिथं मिळेल तिथून. बाईचा दिवस स्वयंपाकासाठी सगळ्यांच्या आधी सुरू होतो आणि सगळ्यांच्या नंतर संपतो. बीड जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांची संख्या तपासायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा थंडीचेच दिवस होते आणि बाहेरून उसाच्या गाड्या जात होत्या.

चौथीत आमच्या वर्गात एक मुलगी दोन महिन्यांपुरती होती. कोपीवरची. सर तिला मागच्या बाकावर बसवायचे, कारण हजेरीपटाच्या तळाशी तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं आणि ती कधी जाईल ते सांगता येत नव्हतं. तिचा आवाज मोकळा होता, आमच्यासारखा नाकात नव्हता. जानेवारीत गॅदरिंग. आमचं कोळीगीत ठरलं होतं. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण महाराष्ट्रातली एकही शाळा कोळीगीताशिवाय गॅदरिंग करत नाही, त्याला इलाज नाही. नाचाच्या मागं गाणाऱ्या मुलींत तिला घेतलं. पंधरा दिवस सराव झाला. मग इकडचा फड संपला आणि टोळी दुसऱ्या गटाला हलली. गॅदरिंगला आम्ही कॅसेट लावली.

तेव्हा मला याचं फार काही वाटलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला वाटायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. पण आता घुंगरांचा आवाज लागला की त्याच्या मागून ती कॅसेट वाजते.

हा पेच काही आमच्याच पट्ट्याचा नाही. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९० साली सौंदर्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच तो राजवाड्याचं उदाहरण घेतो. समजा मला कुणी विचारलं की हा वाडा सुंदर आहे का, तर मी उत्तर टाळू शकतो. रूसोसारखा चिडून म्हणू शकतो की अशा फुकाच्या गोष्टींवर बडे लोक जनतेचा घाम उधळतात. कांट म्हणतो, हे सगळं मान्य, पण प्रश्न तो नव्हताच. नुसतं बघताना तुला आनंद होतो का, एवढंच विचारलं होतं. वाडा कुणी बांधला, कुणाच्या पैशानं, मला तो हवाय का, हे सगळं बाजूला ठेवलं की जे उरतं तो सौंदर्याचा निवाडा.

मला कांटचं हे वेगळं काढणं आवडतं. त्यात प्रामाणिकपणा आहे. घुंगरं गोड वाजायची, तर गोड वाजायची. मागून कळलेल्या गोष्टींमुळं माझ्या कानांना तेव्हा झालेला आनंद खोटा ठरत नाही, आणि तो झालाच नव्हता असं सांगणं हे उलट ढोंग होईल. पण कांटचा वाडा समोर उभा आहे. त्याच्याकडं बघताना तो बांधणारे गवंडी गेलेले असतात. माझ्या आवाजात माणूस अजून बसलेला आहे. तो उसाच्या ढिगावर घोंगडी गुंडाळून बसलाय, आणि त्याला बाजूला ठेवून आवाज ऐकायचा म्हणजे गाडीतून त्याला खाली उतरवायचं.

दुसऱ्या टोकाला फ्रेडरिक डग्लस आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून उत्तरेत आलेला हा माणूस. १८४५ मध्ये त्यानं आपली हकीकत लिहिली. त्यात तो सांगतो की उत्तरेतले लोक गुलामांच्या गाण्याकडं त्यांच्या सुखासमाधानाचा पुरावा म्हणून बोट दाखवतात, याचं त्याला फार आश्चर्य वाटलं. गुलाम सर्वांत जास्त गातात ते सर्वांत दुःखी असताना, असं तो म्हणतो. रीलवरचं ‘बालपण’ हे शीर्षक मला तेव्हापासून थोडं टोचतं. ऊसतोड कामगार गुलाम आहेत असं मी म्हणत नाही, तुलना तेवढी ओढायची नाही. पण आवाज गोड म्हणून जगणं गोड असणार, हा घोटाळा दोन्हीकडं सारखाच आहे.

इथवर आलं की निष्कर्ष तयारच असतो: या आवाजात फक्त दुःख आहे, तो आवडणं हेच चुकीचं. हा निष्कर्ष मी काही दिवस बाळगला होता. तो मोडला एका गाडीवानामुळं. दोन हंगामांपूर्वी रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला गाड्या थांबल्या होत्या. साठीच्या आसपासचे आबा, बैलांच्या शिंगांना लाल-निळा रंग, गळ्यात चांगल्या जाड घुंगुरमाळा. मी विचारलं, “आबा, रात्रभर हे वाजतं, त्रास नाही का होत?”

“त्रास कशाचा ताई? ह्याच्यावरच तर डोळा लागतो. बैलांना वाट म्हायती असती. आवाज बंद पडला की जाग येती बघा. म्हंजी गाडी थांबली.”

मग त्यांनी माळा कुठल्या जत्रेतून घेतल्या, किती घासाघीस केली, डाव्या बैलाच्या माळेतलं एक घुंगरू बदललंय ते आवाजावरून कसं कळतं, हे सगळं सांगितलं. मी पाच मिनिटांसाठी थांबले होते, अर्धा तास गेला. मुकादमानं ती माळ घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. उचलीच्या पैशातून, पोटाला चिमटा काढून, त्यांनी ती निवडून घेतली होती. आणि आवाज नीट यावा याचा त्यांचा कटाक्ष माझ्या कटाक्षापेक्षा कितीतरी बारीक होता.

म्हणजे दुःखाखेरीज त्या आवाजात काही नाही असं ठरवणाराही त्या माणसाला गाडीतून खाली उतरवतोच. एक जण त्याचे कष्ट पुसतो, दुसरा त्याचा शौक पुसतो. मला एवढं मात्र पटलं की मी ऐकत होते ते योगायोगानं निघालेलं काही नव्हतं. ते कुणीतरी ऐकवलं होतं. गोधडीत पडून मी ज्या आवाजावर झोपायचे, त्याच आवाजावर तेही झोपत होते. फरक एवढाच, की माझ्या डोक्यावर छप्पर होतं आणि ते डांबरी रस्त्यावर, वीस-पंचवीस क्विंटल उसाच्या वर होते.

आता प्रश्न बदलतो. कुणीतरी ऐकवलेलं आपण ऐकलं, तर आपल्याकडं काही देणं लागतं का?

वासुदेवाच्या बाबतीत हा हिशोब स्वच्छ होता. तो गायचा, आजी सुपातून धान्य घालायची, आणि मग तो दान मिळाल्याची पोच गावोगावच्या देवांची नावं घेऊन गाण्यातच द्यायचा. आजीच्या दृष्टीनं ही भीक नव्हती. दारात येऊन कुणी गायलं आणि आपण ऐकलं तर सूप रिकामं परत न्यायचं नाही, इतका साधा नियम होता. घुंगरांना असं सूप नव्हतं. गाड्या दारावरून जायच्या, दारात यायच्या नाहीत.

उलट आमचा आणि त्यांचा हिशोब दुसऱ्याच ठिकाणी होता, आणि तो उलटा चालायचा. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होतो. म्हणजे कोयत्याची मजुरी वाढली की शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे त्या मानानं कमी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा आमच्या ओट्यावर बसलेल्या एकाही माणसानं ‘बरं झालं’ असं म्हटलं नाही. त्यांना मी लगेच दुष्ट ठरवणार नाही. दोन-अडीच एकरवाल्याचा खताचा, पाण्याचा, मजुरीचा ताळेबंद मी पाहिलाय. शिवाय ऊस वाळायला लागला आणि टोळी खुशाली मागून अडून बसली, ड्रायव्हर एन्ट्रीचे पैसे मागायला लागला, की शेतकऱ्याचीही कोंडी होते. आमच्या घरीही ती झालीय. पण म्हणून एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या माणसाचा आवाज माझ्या बालपणाचं संगीत आहे, त्याला चार पैसे जास्त मिळू नयेत यात माझ्या घराचा हितसंबंध आहे. रीलला बदाम देणारा अंगठा आणि दरवाढीवर नाक मुरडणारं तोंड एकाच शरीराचं असतं.

याच तालुक्यात थंडीचे आणखी पाहुणे येतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात. पुण्यामुंबईची माणसं पहाटेच गाड्या काढून त्यांना बघायला येतात, होडीत बसून कुजबुजत बोलतात, पक्षी बिचकू नयेत म्हणून. भिगवणहून बारामतीकडं परत फिरताना वाटेत कोप्या लागतात. तिथं कुणी कुजबुजत नाही, कारण थांबतच नाही. आम्ही दोघांनाही ‘पाहुणे’ म्हणतो, हे आमच्या भाषेचं मोठेपण म्हणावं की चलाखी, मला ठरवता आलेलं नाही.

मग काय करावं, असं तरुण मित्रमैत्रिणी विचारतात. गाड्या बंद व्हाव्यात असं म्हणायचं का? इथं मला जात्याची आठवण येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ‘पारी’च्या वेबसाइटवर आज कुणालाही ऐकता येतात, आणि ऐकाव्यात. पण माझ्या आजीला मी एकदा विचारलं होतं की गिरणी आल्यावर ओव्या गेल्या, वाईट नाही वाटलं? तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की पुढं विचारायची हिंमत झाली नाही. गाणं तिचं होतं आणि जातंही तिनंच ओढलं होतं. हळहळायचा पहिला हक्क तिचा, आणि तो तिनं वापरला नाही.

घुंगरांचं एवढं सरळ नाही. गिरणी आली तेव्हा आजीचं दळण वाचलं, पोट बुडालं नाही. ऊसतोडणी यंत्र आलं, त्याला सरकारी अनुदानही आहे, तर आबांची रात्र वाचते पण हंगामही जातो. यंत्राला खाडा लागत नाही, त्याला मूल होत नाही, ते कोपीत राहत नाही. आबांच्या टोळीतल्या पोरांना ते कशासाठी हवं असेल? त्यांना हवं असेल ते बहुधा वेगळंच: उचल न घेता पावसाळा काढता येईल असं गावात काहीतरी, आणि इथं यावंच लागलं तर पाणी, संडास, मुलांना वर्ष पुरं होईल अशी शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणं मूल जिथं असेल तिथल्या शाळेनं त्याला घ्यायचं असतं. आमच्या वर्गातल्या त्या मुलीला शाळेनं घेतलं होतं, हे मी आधी सांगितलंच. पेन्सिलीनं.

म्हणून हळहळ करायची झाली तर मी स्वतःपुरती एक अट घालून घेतली आहे. आवाज आठवायचा तर वजनासकट आठवायचा. कोण बसलं होतं, किती वाजले होते, किती अंतर होतं, टनाला किती मिळत होते. त्यानं आठवण कमी गोड होते का? मला तरी तसा अनुभव नाही. ती जास्त नेमकी होते. डाव्या बैलाच्या माळेतलं बदललेलं घुंगरू मला आता ऐकू येतं, पूर्वी ते येत नव्हतं. ओट्यावर दराचा विषय निघाला की मी हल्ली गप्प बसत नाही, आणि त्यामुळं काकांशी माझं दिवाळीपुरतं का होईना, वाजतं.

बाकी घुंगरं कमी होतच चाललीत. रस्त्यावर ट्रॅक्टर जास्त, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. प्रत्येकाच्या टपावर भलेमोठे स्पीकर, निळेजांभळे दिवे, आणि रात्री दोनला गावाला हादरवणारी गाणी. मला ती बिलकूल आवडत नाहीत. ड्रायव्हर विशी-बाविशीतली पोरं असतात, सलग दोन-दोन रात्री जागलेली. गाणं मोठ्यानं लावलं नाही तर स्टिअरिंगवरच डोळा लागेल, असं त्यातल्या एकानं मला सांगितलं. आबा आवाजावर झोपायचे, हा आवाजावर जागा राहतो.

माझा भाचा सात वर्षांचा आहे. खिडकीत न जाता, नुसत्या गाण्यावरून तो सांगतो कुठला ट्रॅक्टर चाललाय. एकाचं नाव त्यानं ‘बीडवाला’ ठेवलंय. परवा रात्री तो ट्रॅक्टर आला नाही, कारखान्याच्या वजनकाट्यापुढं नंबर लागला नसेल. तर पोरगं उठून बसलं आणि म्हणालं, “मावशी, आज बीडवाला जेवला असंल का गं?”